सोनगीरच्या खळ्यातली लाल मोटर

एरंडेलाची बाटली कोणी उघडली की इतरांना लहानपण आठवते. मला एक लाल मोटर आठवते, आणि नाक मुरडण्याऐवजी मी तो वास छातीभर घेतो. गोष्ट स्वराज्याच्या आधीच्या दहा-बारा वर्षांतली. मी पश्चिम खानदेशात, धुळ्याला फौजदार होतो. नावे कोणाचीच देत नाही. ज्यांची द्यावीशी वाटतात त्यांच्या वारसांकडे चांगले वकील आहेत.

धुळे-जळगावकडे त्या वेळी मोटरी मोजक्या होत्या आणि मोटरवेडे त्याहून मोजके. जळगावचे एक वकील, धुळ्याचे एक डॉक्टर, दोंडाईच्याचे एक व्यापारी आणि आणखी दोघे-तिघे मिळून एक मंडळी झाली होती. विलायतेला परत जाणारे साहेब आपल्या जुन्या रेसच्या मोटरी मागे टाकून जात, त्या हे लोक घेत. विकणाऱ्याला गळ्यातून काढल्याचा आनंद, घेणाऱ्याला गळ्यात पडल्याचा. रविवारी ही मंडळी मोटरींच्या इंजिनांवरची झाकणे उघडून आत डोके घालून उभी राहात. देवळात इतका वेळ कोणाची मान वाकलेली मी पाहिलेली नाही. रस्त्यावरच्या बंदोबस्ताच्या निमित्ताने मीही सायकल टेकवून उभा राही, आणि बंदोबस्त संपला तरी तिथेच असे.

या सगळ्या मोटरींत सरस होती ती एका जिनिंगवाल्या रावसाहेबांची. 'रावसाहेब' हा सरकारने दिलेला किताब. तो त्यांनी बंगल्याच्या पाटीवर स्वतःच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत रंगवून घेतला होता. मोटर इटलीतली, दोन माणसांची, लाल. तिला टप नाही, दारे नाहीत, ब्रेकचा दांडा बाहेर आणि इंजिनावरचे झाकण कातडी पट्ट्याने आवळलेले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अशा थोड्याच बनल्या होत्या आणि हिंदुस्थानात दोनच आहेत, असे रावसाहेब सांगत. दुसरी कोणी पाहिली नव्हती, आणि ही पहिली रावसाहेबांना चालवताना कोणी पाहिले नव्हते. चालवायचा तो त्यांचा मिस्त्री. रावसाहेब शेजारी बसून हात हलवत.

या मोटरीचे एक वैशिष्ट्य होते. तिच्या इंजिनाला वंगण म्हणून एरंडेल लागे. ती गेली की मागे अर्धा मैल जळक्या एरंडेलाचा वास रेंगाळे आणि मंडळी तो अत्तरासारखा हुंगत.

संक्रांतीला मंडळीची वर्षाची दौड असे. आग्रा रोडने सोनगीरपर्यंत जायचे आणि परत धुळ्याला यायचे. त्या वर्षी नवे कलेक्टरसाहेब येणार होते, मांडव घातला होता, चांदीचा पेला आणला होता. रावसाहेबांनी जाहीर केले होते की या खेपेला ते स्वतः चालवणार. संक्रांतीला दोन दिवस उरले असताना सकाळी ते ठाण्यात आले आणि मोटर चोरीला गेल्याची फिर्याद दिली.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला? मिस्त्रीचा. त्याच्याशी काही वितुष्ट? वितुष्ट नाही, पण तो नोकरी सोडून चालला आहे. एवढ्यावर मी जमादाराला घेऊन मिस्त्रीच्या खोलीची झडती घेतली. अंथरुणाखाली मोटरीचे लोखंडी हँडल सापडले. त्या मोटरींना चावी नसे. पुढून हँडल मारल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. चोरीच्या मालाचा भाग ताब्यात मिळाला म्हणून पंचनामा केला आणि मिस्त्रीला अटक केली. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कोठडी घेतली. इतका स्वच्छ तपास आपल्या हातून झाला म्हणून मी खूश होतो.

मिस्त्री चाळिशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. चाळीसगावला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटरची जागा मिळवायला त्याला तीन वर्षे लागली होती. संक्रांतीलाच दुपारी दोनच्या पाळीला हजर व्हायचे होते. रेल्वेला सणवार नसतो. दोनला हजर नाही तर यादीतला पुढचा माणूस, असे कागदावर छापले होते. तो कागद मीच त्याच्या खिशातून काढून जप्तीच्या यादीत लिहिला होता. जबानीत तो एवढेच म्हणाला की हँडल तो रोज घरी नेतो, कोणी उगाच मोटरीशी खेळू नये म्हणून. मग म्हणाला, "मोटर मी नेली असती तर हँडल मोटरीबरोबर गेलं नसतं का, साहेब?" हे त्याने दोनदा विचारले. मी ते उर्मटपणा समजून सोडून दिले.

त्याच संध्याकाळी डॉक्टर धावत ठाण्यात आले. एरवी हा गृहस्थ रोग्याची नाडीही घाई न करता बघणारा. आल्या आल्या माझ्या टेबलाच्या कडेवर बसले. सोनगीरचा एक म्हातारा शेतकरी खोकल्याच्या औषधाला त्यांच्याकडे आला होता. बाटल्यांचा वास घेऊन तो म्हणाला, असाच वास कालपासून आमच्या अर्ध्या गावाला येतोय.

"फौजदार, साऱ्या खानदेशात एरंडेल पिणारं एकच इंजिन आहे," डॉक्टर म्हणाले. "ती सोनगीरला आहे. चला."

चोर सापडेल का, हे त्यांनी विचारलेच नाही. मोटरीला ओरखडा तर उठला नसेल ना, एवढीच त्यांना चिंता.

संक्रांतीला उजाडताच आम्ही डॉक्टरांच्या मोटरीतून निघालो. मुद्देमाल ओळखायला आरोपी लागतो, म्हणून मिस्त्रीला हातकडी घालून मागे बसवले, शेजारी जमादार. डॉक्टरांनी मिस्त्रीच्या मांडीवर तिळगुळाची पुडी ठेवली. जमादाराने माझ्याकडे पाहिले, मी रस्त्याकडे पाहिले.

सोनगीरला किल्ल्याच्या पायथ्याशी त्या म्हाताऱ्याचे खळे होते. गाव त्याला आबा म्हणे. त्याने आढेवेढे घेतले नाहीत.

"मोटर मना खयामा शे, कडबाना खाले," तो म्हणाला. "बठ्ठा गावले ठाउक शे. पन सरकारी काम शे म्हने, मंग कोन बोलस?" साऱ्या गावाला ठाऊक होते, पण सरकारी कामात तोंड कोण घालणार, असे त्याचे अहिराणीतले म्हणणे.

दोन दिवसांपूर्वी उजाडता उजाडता एक लांब कोटाचा, डोळ्यांवर काचा बांधलेला गृहस्थ एकटाच या मोटरीतून आला. मोटर धूर ओकत खळ्यासमोर बंद पडली ती हलेना. त्याने आबाचे बैल जुंपून ती आत ओढून घेतली, कडबा रचायला लावला, सरकारी काम आहे म्हणून दम दिला आणि टांग्याने परत गेला.

आम्ही कडबा उपसला. लाल रंग दिसू लागला तसे डॉक्टर पेंढ्या दोन्ही हातांनी फेकू लागले. मोटर शाबूत होती. मिस्त्री मात्र रंगाकडे पाहात नव्हता. त्याने हातकडीसकट जमिनीवर उताणे पडून इंजिनाखालचा नट सोडला. तेल वाहून येईना. शिऱ्यासारखा चिकट काळपट लगदा त्याच्या तळहातावर पडला.

तो उठून बसला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"डब्यातलं तेल घातलंय हिच्यात. एरंडेलावर डब्यातलं तेल!" हात माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "साहेब, चोरी माझ्या नावावर लिहायची तर लिहा. पण हे मी केलं असं लिहू नका."

डॉक्टरांनी मला समजावले. एरंडेल आणि डब्यातले खनिज तेल एकमेकांत मिसळत नाही. एकत्र तापले की गोठून इंजिनाच्या नळ्या बंद करते. हे मंडळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते आणि मिस्त्रीला तर झोपेतही. मी खळ्यात उभा राहून तो लगदा बघत होतो. दोनदा ऐकून सोडून दिलेला त्याचा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. हँडल त्याच्या अंथरुणाखाली होते हा गुन्ह्याचा पुरावा नव्हताच. मोटर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी, हँडलाशिवाय सुरू केली, याचा तो पुरावा होता. रावसाहेबांचा बंगला टेकाडावर आहे. उतारावर सोडून गिअर टाकला की इंजिन आपोआप सुरू होते.

मी हातकडी काढली.

मग मिस्त्रीचे हात चालू लागले. घासलेटने इंजिन धुतले, नळ्या फुंकून मोकळ्या केल्या. गावच्या तेल्याकडून ताजे एरंडेल आणले, ते फडक्यातून दोनदा गाळले. चालवणाऱ्याने घाबरून लगेच बंद केली म्हणून इंजिन वाचले, असे तो म्हणाला. हँडल मी बरोबर आणले होते, पुरावा म्हणून. त्याने चौथ्यांदा मारले तेव्हा इंजिन खोकले, थुंकले आणि असे गर्जले की किल्ल्यावरची कबुतरे उडाली. आबा कानांवर हात ठेवून हसत होता. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी होते. धुराने, असे ते म्हणाले.

आबाला बरोबर घेऊन धुळ्याला मांडवात पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. बँड वाजत होता. लाल मोटर दिसताच मंडळी टोप्या उडवत धावली. रावसाहेब जरीच्या फेट्यात कलेक्टरसाहेबांशेजारी बसले होते. तेही उठून हसत पुढे आले आणि त्यांनी आबाला पाहिले.

"हाऊच शे तो सरकारी कामवाला," आबा म्हणाला.

बँड जरा उशिरा थांबला. मी रावसाहेबांना मांडवामागे नेले. तिथे फार प्रश्न विचारावे लागले नाहीत. कलेक्टरांपुढे चालवायची म्हणून गुपचूप सराव करायचा होता. पहारेकऱ्याला पहाटे दूध आणायला पिटाळले, गाडी उतारावर सोडली. त्याआधी तेल कमी दिसले म्हणून विलायती तेलाचा डबा ओतला. अशा गाडीला बैलगाडीचे वंगण शोभत नाही, असे त्यांचे मत होते.

"पण मग फिर्याद कशाला दिलीत?" मी विचारले.

"चोरीला गेली म्हटलं तर लोक हळहळतात, फौजदार. बंद पाडली म्हटलं तर हसतात."

"आणि मिस्त्री?"

रावसाहेब मान खाली घालून म्हणाले, "मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. शेवटचा हात कोणाचा, हे तुम्ही विचारलंत."

हे खोटे नव्हते. मी फिर्याद पुन्हा काढून वाचली. तिच्यात आरोपीचे नाव नव्हते. ते नाव माझ्या अक्षरात होते.

मॅजिस्ट्रेटसाहेब मांडवातच तिळगूळ खात होते. त्यांच्यापुढे अहवाल ठेवला, त्यांनी तिथेच सुटकेचा हुकूम दिला. मिस्त्री पाण्याच्या पिंपापाशी हात धूत होता. चाळीसगावची गाडी साडेदहालाच गेली होती. साडेबारा झाले होते. दोनची पाळी.

डॉक्टरांनी जळगावच्या वकिलांच्या कानात काहीतरी सांगितले. वकील चाके बघत होते, ते उठले. दौड कुठे न्यायची हे मंडळी ठरवते, कलेक्टर नव्हे, असे ते म्हणाले. सोनगीर काय नि चाळीसगाव काय, रस्ता आहे ना? रावसाहेबांकडे मोटरीची परवानगी मागण्याची वेळच कोणी येऊ दिली नाही. मुद्देमाल अजून माझ्या ताब्यात होता. रोजनाम्यात मी पुढे लिहिले: 'मुद्देमाल चालू स्थितीत असल्याची चालवून खात्री केली.' किती मैल, ते लिहिले नाही.

पस्तीस मैल! मिस्त्री चालवायला, मी शेजारी. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायला शेजारच्या माणसाने हातपंपाने हवा भरत राहायची असे. ते काम माझे. टोपी काखेत, दोन्ही हात पंपावर, डोळ्यांत धूळ, मागे पाच मोटरींचा कल्लोळ. खड्डा आला की सीटवरून वीतभर उडायचो आणि पंप सोडला की मिस्त्री ओरडायचा, "हवा, साहेब, हवा!" दोन दिवसांपूर्वी मी त्याला दरडावत होतो. आता तो मला दरडावत होता आणि मी मुकाट पंप मारत होतो. इतका आनंद मला बढतीच्या दिवशीही झाला नाही. वाटेत वकिलांच्या मोटरीची चाके फिरवणारी साखळी तुटली, डॉक्टरांनी ती दोराने आपल्या मोटरीमागे बांधून घेतली, पण मागे राहिले कोणी नाही.

दोनला दहा मिनिटे कमी असताना आम्ही शेडच्या फाटकात शिरलो. फोरमन बाहेर आला. सहा मोटरी, धुळीने माखलेली माणसे आणि मिस्त्रीच्या शेजारी गणवेशातला फौजदार. मिस्त्रीने सुटकेबरोबर परत मिळालेला कागद पुढे केला. फोरमनने कागद घेतला नाही. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "या माणसाने काय केले आहे?"

त्याला वेळेवर पोचवण्याच्या भरात माझ्या गणवेशाचा अर्थ काय होईल, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मिस्त्री खाली बघत होता. मागे इंजिने एकेक करून बंद झाली.

"याने काही केलेले नाही," मी म्हणालो. "मी याला चुकून दोन दिवस कोठडीत ठेवले. चूक माझी आहे, ती सांगायला आलो आहे."

फोरमनने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग घड्याळ पाहिले, कागद घेतला आणि मिस्त्रीला आत जायला सांगितले. मिस्त्री दारापर्यंत जाऊन वळला. मला वाटले, काही बोलेल. त्याने डॉक्टरांना एवढेच सांगितले की परत नेताना चाळीसच्या वर नेऊ नका, इंजिन अजून नाजूक आहे.

खोट्या फिर्यादीचे कागद मी कलम १८२ खाली वर पाठवले. ते वर गेले आणि वरच राहिले. दोन वर्षांनी रावसाहेबांचे रावबहादूर झाले आणि पाटी पुन्हा रंगवावी लागली.

पुढे मी बरेच गुन्हे उघडकीस आणले, काही वर्तमानपत्रांत छापूनही आले. पण सबंध नोकरीत चारचौघांत मोठ्याने 'चूक माझी' असे मी एकदाच म्हटले. बाकीच्या वेळी म्हणण्यासारखे काही नव्हते असे नाही. मिस्त्रीसारखे धरलेले, पण दोनची पाळी चुकलेले किती जण माझ्या कागदांत असतील, याचा हिशेब मला लागत नाही. तेव्हापासून एक नियम मात्र मी पाळला. फिर्यादीत नाव नसेल, तर ते लिहिण्याआधी त्या माणसाचे म्हणणे दोनदा ऐकायचे. पहिल्यांदा ते उर्मटपणासारखेच वाटते.