एकेचाळीस अडकित्त्यांची दलाली

माझ्या मावशीकडे एकेचाळीस अडकित्ते होते. ती स्वतः सुपारीला शिवत नसे. तिच्या घरी सुपारी खाणारे एकटे काका, म्हणजे तिचे यजमान, आणि त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी अडकित्ते वाढतच राहिले, कारण मावशी पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवायची. दिल्लीतली मराठी कुटुंबं बदली होऊन किंवा निवृत्त होऊन परत निघाली, की सामान आवरताना आजीचा अडकित्ता हातात घेऊन घुटमळायची आणि शेवटी मुलांच्या बाईंकडे आणून द्यायची. टाकवत नाही, तुम्ही ठेवा, म्हणायची. बाई ठेवून घ्यायच्या. उरलेले तिने रविवारी जामा मशिदीमागच्या कबाड्यांशी घासाघीस करून आणलेले. घोड्याचे, पोपटाचे, एक नवरा-नवरीचा, एक इतका छोटा की लवंगसुद्धा जेमतेम कातरली जावी. मयूर विहारच्या तिच्या फ्लॅटमधल्या शोकेसचे खालचे दोन कप्पे त्यांनीच भरलेले असत.

मी दिल्लीत नोकरीला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. मंत्रालयात क्लार्क, कस्तुरबा गांधी मार्गाजवळ मुलींचं हॉस्टेल, आणि रविवारी दुपारी मावशीकडे जेवण. जेवण झालं की ती एक साधा लोखंडी अडकित्ता घेऊन काकांसाठी सुपारी कातरायला बसायची आणि कातरता कातरता माझी हजेरी घ्यायची. पगार कुठे उडवलास, केस का कापलेस, मराठी बोलताना दर वाक्यात 'मतलब' कशाला येतं. मी तोंड वर करून उत्तरं द्यायचे, बसमध्ये बसल्यावर रडायचे, आणि पुढच्या रविवारी बारा वाजायच्या आत पुन्हा तिच्या दारात असायचे. माझे आईवडील तेव्हा साताऱ्याला होते आणि आता नाहीतच. या सबंध शहरात मला रागावणारं ते एकच माणूस होतं.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला सांगितलं की दिल्लीचा आणखी एक हिवाळा तिच्या छातीला झेपायचा नाही. मुलगा पुण्याला. त्याचा फ्लॅट लहान, शोकेसला जागा नाही. मावशीने मला बोलावून घेतलं आणि सांगितलं की हे सगळे ऑनलाइन विकून दे. मी हो म्हणायच्या आत तिने वहीचा एक आखीव कागद पुढे केला. त्यावर माझं कमिशन लिहिलेलं होतं. पॅकिंग आणि कुरिअरचा खर्च वजा जाता विक्रीवर पंधरा टक्के. स्वस्त वस्तूला कमीत कमी पन्नास रुपये, कारण दोनशेचा अडकित्ता गुंडाळायला दोन हजारांच्या अडकित्त्याइतकाच वेळ लागतो. न विकलेल्या मालावर काही नाही. आज वाटतं, एवढा न्याय्य करार मी सरकारी फायलींमध्येही फारसा पाहिला नाही. तिने आयुष्यभर सातवीच्या मुलांना दलालीची गणितं घातली होती.

पण मी भडकले. माझा स्वभावच तसा, आधी पेटते आणि मग विचार करते. तुझ्याकडे इतकी वर्षं जेवले ते काय दर लावून, असं मी विचारलं. पैशाचं नाव काढलंस तर एकही फोटो काढणार नाही म्हणाले. मला वाटलं होतं ती मला झापेल. तिने कागदाच्या चार घड्या केल्या, तो चष्म्याच्या डबीत ठेवला आणि म्हणाली, बरं, तुझी मर्जी. मी विजयी मुद्रेने दोन पिशव्या भरून अडकित्ते नोएडाला माझ्या घरी घेऊन आले.

मग मी एक पराक्रम केला. शनिवारभर बसून चिंच आणि मीठ लावून सगळे पितळी अडकित्ते घासले. आमच्याकडे सणाला देवघरातली भांडी घासतात तसे, खरवडून, राख लावून, पुन्हा चिंच लावून. पाहुण्यांसमोर काळवंडलेलं पितळ ठेवायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. लोखंडी तेवढा राहिला, त्याला चिंच लावून उपयोग नव्हता. बाल्कनीत पांढऱ्या चादरीवर मांडून फोटो काढले तेव्हा सगळे नुसते लखलखत होते. मोठ्या अभिमानाने मी ते मावशीला पाठवले.

तिचं उत्तर आलं, "छान चमकतायत."

एवढंच. मला ते जरा खटकलं. जी बाई माझ्या पोळीचा नकाशा बघून तीन मिनिटं बोलू शकते, ती दोन शब्दांत आवरते म्हणजे काय? पण वाटलं, जायची गडबड असेल. त्यानंतर रविवारी गेले तरी ती तशीच. चहा घेणार का, उन्हात कशाला आलीस, तुला उगाच त्रास. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंशी बोलायची तशी गोड. माझ्या कुर्त्याचं बटण तुटलेलं होतं, तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. मला परत येताना मेट्रोत फार एकटं वाटलं. ती अजून गेलेली नव्हती आणि मला तिची आठवण येत होती.

चूक कळली ती गिऱ्हाइकामुळे. गुरुग्रामचे एक गृहस्थ, जुन्या पितळी वस्तू जमवणारे, फोनवर आधी अगदी अदबीने बोलले. मग विचारलं, "मैडम, ये आपने घिसवा दिए क्या?" मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. त्यांनी समजावून सांगितलं की शंभर वर्षांत धातूवर जो काळसर रंग चढतो त्याचेच जाणकार पैसे देतात, तो गेला की वस्तू बाजारातल्या नव्या नकलेसारखी दिसते. जी किंमत दिली असती तिच्या निम्मी देतो म्हणाले. चाळीसच्या चाळीस मी स्वतःच्या हाताने घासले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा टाकून मयूर विहारला गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. मावशी जुनी वर्तमानपत्रं बांधत होती. म्हणाली, तिला पहिल्याच फोटोत कळलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हणून मी जवळजवळ ओरडलेच.

"काय बोलणार? फुकट काम करणाऱ्या माणसाला रागावता येतं का? कमिशन घेतलं असतंस तर बोलले असते."

मी तिथेच सुतळीच्या गुंड्याशेजारी खाली बसले. माझ्या डोक्यात आलंच नव्हतं हे. मी मोठेपणा केला होता आणि त्या मोठेपणाने तिच्या हातातून माझा कान सोडवून घेतला होता. उपकार करणारी म्हणून तिने मला पाहुण्यांच्या खुर्चीत बसवलं होतं.

मी म्हटलं, काढ तो कागद.

तिने चष्म्याच्या डबीतून तो काढला. मग आम्ही दोघी रीतसर बसलो. मी दहा टक्के म्हणाले, ती पंधराच्या खाली येईना, शेवटी बारावर जमलं. घासण्याचं नुकसान निम्मं माझ्या कमिशनमधून कापायचं ठरलं आणि निम्मं तिचं, कारण दिसत असून गप्प बसणं ही तिची चूक, असं तिने स्वतःच लिहिलं. दर रविवारी तिला हिशेब द्यायचा आणि शेवटचा अडकित्ता विकला की वही बंद. खाली दोघींच्या सह्या. सही वाळली आणि तिने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग ती वीस मिनिटं बोलली. जुनं आणि मळकं यातला फरक कळत नाही, सरकारने तुला फायली कशा सोपवल्या, विचारायला तोंड नव्हतं का, आणि ते बटण, महिना झाला ते बटण तुटून. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की हसू येऊ नये म्हणून मी सुतळी गुंडाळत राहिले.

दिवाळीच्या आधी मुलगा येऊन तिला घेऊन गेला. तोपर्यंत तेवीस विकले गेले होते, बाकीचे हळूहळू जात राहिले, बहुतेक त्या गुरुग्रामच्या गृहस्थांकडेच. मावशीला फोनवर नुसत्या गप्पा मारता येत नाहीत, तिला फोन करायला काम लागतं. पण हिशेबासाठी ती दर रविवारी जेवणाच्या वेळी फोन करायची. काय गेलं, कितीला गेलं, कुरिअरची पावती ठेवलीस का. पावती नसली की पूर्वीसारखी कडाडायची. मी फोन स्पीकरवर टाकून पानावर बसायचे.

फेब्रुवारीत चाळिसावा गेला. उरला तो लोखंडी, काकांच्या सुपारीचा. खिळा ढिला, टोकाला गंज, बाजारात त्याचे कोणी दोनशेही देऊ नयेत. मी त्याची किंमत पाच हजार लावून ठेवली.

दर रविवारी ती विचारायची, गेला का, आणि मी नाही म्हणायचे. मग फोटो नीट काढला नसशील, वर्णनात शुद्धलेखन चुकलं असेल, असं तिचं सुरू व्हायचं, आणि त्यातून माझं वजन, माझी गुडघेदुखी, पुण्याचं पाणी, सगळं निघायचं. अर्धा अर्धा तास. किंमत काय लावलीस, हे मात्र तिने एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, वयामुळे विसरत असेल.

मागच्या आठवड्यात जयपूरहून कोणाचा तरी निरोप आला. पाच हजार मंजूर, पैसे कुठे पाठवू. हा गेला की वही बंद. करार तर मोडता येत नव्हता, खाली माझी सही होती. रविवारी फोन वाजल्यावर मी तिला जसं होतं तसं सांगितलं. लोखंडी अडकित्त्याला गिऱ्हाईक आलंय, पाच हजार द्यायला तयार आहे.

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.

"पाच हजार? अक्कल आहे का तुला?" मावशी म्हणाली. "आठ हजार कर. आणि पुढच्या रविवारी सांग मला."