चौथ्या ठोक्याला बटण

डरकाळ्याला खुर्चीत बसवून ठेवणं म्हणजे महाकर्मकठीण काम. बसला की पाय हलणार, पाय आवरला की बोटं टेबलावर ताल धरणार, आणि बोटंही आवरली तर हा उठून दुकानाच्या दारापर्यंत उगाच एक फेरी मारून येणार. एके काळी हाच माणूस नावाजलेल्या हेवी मेटल बँडचा गायक होता. त्याच्या एका आरोळीवर हजारो पोरं उड्या मारायची. डरकाळ्या हे नाव तेव्हाच पडलं. मग बँडमध्ये बिनसलं, गडी तावातावाने बाहेर पडला, आणि पुढच्या सात वर्षांत आठ नोकऱ्या करून बसला. कुरिअर, रंगकाम, जिम, शाळेची बस... वर्ष एकीकडेही भरलं नाही. जुन्या टाळ्यांनी पोट थोडंच भरतं!

नववी नोकरी मात्र चौदा महिने टिकली होती. कानाच्या मशीनचं दुकान. बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही दोन वर्षं टिकवून दाखव. नाहीतर मी चालले ताईकडे. मला दर सहा महिन्यांनी नव्याने घाबरायचा कंटाळा आलाय." ती उगाच धमक्या देणाऱ्यातली नव्हती, आणि ही नोकरी कधीही जाऊ शकत होती.

कारण खरी गोम वेगळीच होती. त्याचा स्वतःचा डावा कान कामातून गेला होता. अकरा वर्षं स्टेजवर डाव्या अंगाला कपाटाएवढे स्पीकर, दुसरं काय होणार? नोकरीला लागताना दुकानाच्या रिवाजाप्रमाणे त्याचीही चाचणी झाली. काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोनमध्ये बारीक आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. तेव्हाचा तपासणीस कंटाळलेला होता, आवाज एकसारख्या अंतराने सोडत होता. डाव्या कानाची पाळी आली तेव्हा डरकाळ्याला आवाज ऐकूच आला नाही. त्याने मनात ठोके मोजले आणि बटण दाबत गेला. आलेख निघाला एकदम फर्स्टक्लास!

पुढे तो तपासणीस गेला आणि त्याच्या जागेवर हाच बसला. मालकीणबाई, म्हणजे मॅडम, वयाने लहान पण कामाला कडक. "आवाजांमधलं अंतर बदलत राहा," त्या घोकवून घ्यायच्या. "माणूस मोजायला लागला की चाचणी फुकट." प्रत्येक वेळी डरकाळ्याच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. मॅडम डावीकडे आल्या की तो काहीतरी उचलायच्या निमित्ताने वळून उजवीकडे यायचा. दिवसभर ही कसरत. अशा माणसाला स्वस्थता कुठून मिळणार?

मंगळवारी दुपारी दार उघडलं आणि आत आला ठोक्या. बँडचा ड्रमवाला! आता फरश्या बसवायचं काम करतो, गुडघ्यांवर सिमेंट तसंच.

"च्यायला, तू इथे?" ठोक्या एवढ्या मोठ्याने ओरडला, की मॅडम आतून डोकावल्या. "अरे, माझी नात बोलते ते मला कळतच नाही. परवा रडून गेली बिचारी. म्हणते, आजोबा माझं ऐकत नाहीत."

डरकाळ्याने त्याला काचेच्या खोलीत बसवलं. मोठ्या आवाजापासून सुरुवात करून हळूहळू बारीक करत नेलं. ठोक्या बटण दाबत गेला. एकही चुकलं नाही. आलेख छापून मॅडमच्या हातात गेला.

"यांना काय झालंय?" मॅडम म्हणाल्या. "विशीतल्या पोराचे कान आहेत. मशीनची गरज नाही. नातीलाच जरा मोठ्याने बोलायला सांगा, काका."

ठोक्याचा चेहरा पडला. "तसं असेल तर मग माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय," असं पुटपुटत तो चपला घालायला लागला.

आणि डरकाळ्याचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे गेलं. टेबलावर ती अजून वाजत होती. एक, दोन, तीन, चार. त्यांच्या शेवटच्या दौऱ्यातल्या पहिल्या गाण्याची लय. जुना दोस्त समोर बघून हाताने आपसूक तीच लय धरली होती, आणि सगळे आवाज त्याने त्याच लयीत सोडले होते. ठोक्याला पहिले चार ऐकू आले असतील. पुढचं त्याने सवयीने नुसतं वाजवलं होतं!

गप्प राहिलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. नोकरी राहिली असती, बायको राहिली असती. फक्त ठोक्या घरी गेला असता आणि ती पोर पुन्हा रडली असती. डरकाळ्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी दारातच ठोक्याचा दंड धरून तो म्हणाला, "मॅडम, हा आलेख खोटा आहे. चूक माझी. आणि... माझासुद्धा खोटाच आहे."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी ठोक्याला पुन्हा आत बसवलं आणि त्याच्यामागून डरकाळ्याला. स्वतः आवाज सोडले, वेडेवाकडे, लय नसलेले. डरकाळ्या हातात बटण घेऊन वाट बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याचा पाय हलला नाही.

"चौदा महिने मला फसवलंत," मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या. "उद्यापासून तपासणी मी करेन, तुम्ही मशीन बसवून द्यायची. आणि हे घ्या, आधी स्वतः घाला." काकांना एक जोडी मिळाली, ह्याला डाव्या कानाचं एक.

संध्याकाळी घरी येऊन तो भांडी घासायला उभा राहिला. बायको नेहमीसारखी त्याच्या डाव्या हाताला उभी राहून भांडी पुसत होती.

"आज चेहरा उतरलाय," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "गेली वाटतं हीही नोकरी. माझं मेलीचं नशीबच असलं."

"नाही गेली," तो म्हणाला.

तिच्या हातातला फडका थांबला. तिने त्याचं डोकं वळवून कानात बघितलं. आत नवंकोरं मशीन होतं.

"म्हणजे इतकी वर्षं मी इथे उभी राहून बोलत होते ते..."

"काहीच ऐकू आलं नाही गं."

"आणि मी तुला दगड समजत होते!" तिचे डोळे भरून आले. तिने नळ बंद केला. "काय काय बोललेय मी तुला, देवा."

"सांग ना," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."