गिरणीवाल्याची माघार

आमच्या फुटबॉल क्लबच्या यंदाच्या फोटोत मधल्या खुर्चीवर मी बसलो आहे. पुढे दोन पोरं मांडी घालून, त्यांच्यामध्ये करंडक, मागे उभी रांग आणि मधोमध गुडघ्यांवर हात ठेवून मॅनेजर म्हणून मी. बायकोनं हौसेनं फ्रेम करून आणली. मी ती कपाटामागे सरकवली. ती म्हणाली, एवढे काही वाईट दिसत नाही तुम्ही. प्रश्न दिसण्याचा नव्हता. ती खुर्ची माझी नव्हती, आणि ज्याची होती त्याच्याकडून ती काढून घ्यायला मीच गेलो होतो.

क्लब नांदेडचा, रेल्वे क्वार्टरांच्या मागच्या मैदानावरचा. टीव्हीवरच्या क्लबांत मॅनेजर म्हणजे कोट घालून बाजूला उभा राहणारा आणि च्युइंगम चघळणारा गृहस्थ. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे पोरांना शिकवणारा, संघ निवडणारा, एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा आणि सामन्याआधी केळी आणणारा, सगळं एकच. हे काम तीस वर्षं एका शाळामास्तरांनी केलं. त्यांचे गुडघे गेले, मुलानं त्यांना पुण्याला नेलं, आणि पुढचा मॅनेजर कोण हे ठरवायची वेळ आमच्या सात जणांच्या कमिटीवर आली. मी त्या कमिटीचा सचिव.

खरं तर ठरवायचं काही नव्हतंच. मास्तरांच्या मागे एकोणीस वर्षं एक माणूस उभा होता. नायगावकडचा, शेती भावाकडे सोपवून तरुणपणीच नांदेडला आलेला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी टाकलेला. आम्ही एकाच संघात खेळलो. मी डाव्या बाजूचा बचावपटू, तो माझ्या पुढे. माझ्या हातून, म्हणजे पायातून, जे सुटायचं ते तो धापा टाकत मागे येऊन निस्तरायचा. पुढे मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागलो तेव्हा तो मला ‘सर’ म्हणायला लागला. मी नको म्हणालो नाही. बरंच वाटलं असणार.

त्याच्या गिरणीवर पाटी होती, ‘५ ते ७ गिरणी बंद’. नेमकी बायकांची दळणाची वेळ. त्या कुरकुरायच्या, पण चारच्या आत डबे आणून ठेवायच्या. हा भुवयांवर पीठ घेऊनच मैदानावर यायचा. रेघा आखायला चुन्याची फक्की वापरली की पोरांच्या डोळ्यांत जाते, म्हणून गिरणीतलं झाडलोटीचं पीठ साठवून तो त्यानं आखायचा. रात्रीतून गल्लीतली कुत्री कॉर्नर चाटून जायची, आणि दुसऱ्या दिवशी हा न चिडता पुन्हा आखायचा. मी म्हणायचो, जगात आपलं एकच मैदान असेल की जे कुत्री खातात.

एकदा आमचा मधला बचावपटू दुसऱ्या हाफमध्ये नुसता उभा राहिला. मी त्याला झापायला निघालो तर यानं माझा दंड धरला. म्हणाला, “सर, त्याला बोलू नका. त्याच्या घरचं दळण दोन हप्ते झाले आलं न्हाई.” दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा सरावाआधी गिरणीत बसून भाकरी खाताना दिसायला लागला. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरचा डबा याच्या हातून जायचा. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचं पोर गावाला गेलंय आणि कोण अर्धपोटी धावतंय, हे याला डब्याच्या वजनावरून कळायचं. असं मोजमाप कुठल्या डिप्लोमात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

दरवर्षीच्या फोटोत तो उजव्या टोकाला, बॉलची जाळी खांद्यावर घेऊन उभा. एका वर्षी स्टुडिओतून परतताना तो सहज बोलावं तसं बोलून गेला, “मास्तरामागं एक डाव त्या खुर्चीत बसून फोटो काढायचा हाय.” मी म्हटलं, तुझ्याशिवाय बसणार कोण. हे मी म्हणालो होतो. मला चांगलं आठवतं.

पण पिकतं तिथं विकत नाही. नांदेडच्या माणसाला काहीही धड करायचं असलं की तो लातूरकडे बघतो. पोरगं हुशार निघालं, पाठवा लातूरला. पोरगं ढ निघालं, तरी पाठवा लातूरला. आमचे अध्यक्ष रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा नातू लातूरला दोन वर्षं क्लास करून डॉक्टरकीला लागलेला. तेव्हा लातूरचा एक फुटबॉल प्रशिक्षक यायला तयार आहे, त्याच्याकडे लायसन्स आहे, लॅपटॉप आहे, असं कुणीतरी सांगितल्यावर त्याची चर्चा सुरू झाली. कुणी सुरू केली ते आजवर कळलेलं नाही.

इथे आमची एक खोड सांगायला हवी. आमच्या भागात निवड बिनविरोध झाली की त्याचा कोण अभिमान. सरपंच बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, मंदिराचे विश्वस्त बिनविरोध, आणि चौकात फ्लेक्स. मतदान झालं म्हणजे दोन पार्ट्या झाल्या, आणि दोन पार्ट्या झाल्या म्हणजे गाव बिघडलं. आमच्या क्लबात स्थापनेपासून एकदाही हात वर झालेले नाहीत. ठरावाच्या वहीत पानापानावर ‘सर्वानुमते ठरले’, त्यातली निम्मी पानं माझ्या अक्षरात. म्हणून बैठकीआधी फोनाफोनी करायची, कल बघायचा, आणि ज्याचं जमणार नाही त्याच्याकडे एक माणूस पाठवून त्याची माघार घ्यायची. मग शाल-नारळ देऊन त्याचा सत्कार. हरणाऱ्याचा सत्कार आधी करून टाकण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

अध्यक्षांचा मला फोन आला. म्हणाले, “बाकीच्यांचा कल लातूरवाल्याकडं दिसून राहिला. तुमचं काय?” माझ्या मनात गिरणीवालाच होता. तोंडातून मात्र निघालं, सगळ्यांचं जे असेल ते. मग ते म्हणाले, तुमचा दोस्त आहे, तुमचं ऐकेल, तेवढं बोलून घ्या.

मी दळणाचा डबा घेऊन गेलो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. सकाळची वेळ, गिरणी सुरू, माझं काही त्याला ऐकू जाईना. त्यानं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला आणि एकदम शांत झालं. मी क्लबची परंपरा, एकी, नव्या जमान्याचं प्रशिक्षण असं बरंच बोललो. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराची समजूत काढावी तसा बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. डब्याच्या कडेचं पीठ बोटानं पुसत विचारलं, “सर, तुमचं स्वतःचं मत काय हाय?”

एवढंच विचारलं होतं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. ‘तूच’ म्हणायला असा किती वेळ लागतो? मी म्हणालो, “माझं वेगळं काय असणार? सगळ्यांचं तेच माझं.”

तो मान हलवून “हाव” म्हणाला. मग म्हणाला, “लिहा मंग माझी माघार.” आणि पुन्हा गिरणी सुरू केली.

सत्काराची शाल मीच आणली. मैदानावरचं भाषणही मीच केलं. क्लबच्या एकीसाठी यांनी मोठं मन दाखवलं वगैरे. त्यानं शाल घडी करून काखेत मारली, गोलखांबाजवळच्या दगडावर नारळ फोडला आणि खोबरं पोरांना वाटून टाकलं. महिनाभर तो येत राहिला. मग लातूरवाल्यानं आपला एक साहाय्यक आणला, तेव्हा यायचा थांबला. पाच ते सात गिरणी चालू राहायला लागली. बायका खूश झाल्या. मैदानावर बाजारची फक्की आली आणि कुत्र्यांनी आमच्याकडे पाठ फिरवली.

लातूरवाला वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. वेळेचा पक्का होता, तोंडात शिवी नव्हती. मोबाइलवर बीप वाजवून पोरांना धावायला लावायचा, आकडे लॅपटॉपवर मांडायचा. आम्ही कमिटीवाले ते आकडे बघून माना डोलवायचो. मला फिजिक्समुळे थोडं कळतंय असं इतरांना वाटायचं, आणि मी तसं वाटू द्यायचो.

दुसऱ्या वर्षी लातूरला सामना होता. अकराचं ऊन. आमचा डावीकडचा पोरगा दुसऱ्या हाफमध्ये धावता धावता खाली बसला आणि उठेना. लातूरवाल्यानं धावत जाऊन त्याच्या पायाचे स्नायू ताणले, पाणी पाजलं, जे शिकला होता ते सगळं केलं. पोराची आई महिनाभर दवाखान्यात होती, घरात चूलच धड पेटत नव्हती, हे नंतर कळलं. आम्ही हरलो. हरायला आम्ही सरावलेलो आहोत, पण तो पोरगा गवतावर बसून इकडेतिकडे कुणाला तरी शोधत होता, ते मला बघवलं नाही.

परतीच्या जीपमध्ये कमिटीचे आम्ही पाच जण होतो. अहमदपूरच्या पुढे चहाला थांबलो. औषधाचं दुकान असलेले आमचे एक सदस्य बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, गिरणीवाल्यालाच करायला पाहिजे होतं. मी उखडलो. म्हटलं, मग तेव्हा का नाही बोललात? ते म्हणाले, तुम्हा सगळ्यांना लातूरवाला पाहिजे होता ना. दुसरा म्हणाला, मला कुठे पाहिजे होता? तिसऱ्याचंही तेच. मग सगळे अध्यक्षांकडे बघायला लागलो. म्हाताऱ्यानं हातातला कप बाकावर ठेवला. शेवटी म्हणाला, “मलाबी त्योच पाहिजे होता. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हाला लायसनवाला लागंल.”

पाच माणसांना जो नको होता तो मॅनेजर आम्ही सर्वानुमते निवडला होता, आणि जो हवा होता त्याला शाल देऊन घरी पाठवला होता. कुणाचं कारस्थान असतं तर निदान त्या माणसाला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्या मोसमाअखेर लातूरवाला आपण होऊन गेला. त्यानं तिकडे स्वतःची बॅच सुरू केली. मग आमचं वरातीमागून घोडं. आम्ही सगळे मिळून गिरणीत गेलो. त्यानं चहा मागवला, पोरांची नावं घेऊन विचारपूस केली आणि हात जोडले. “आता न्हाई,” म्हणाला. रागावलेला दिसला नाही. अध्यक्षांनी फार आग्रह केला तेव्हा त्यानं आणखी एकेक कप चहा मागवला.

आता नुकताच निवृत्त झालेला आणि रिकामा असा मीच होतो. फोनाफोनी झाली, कल बघितला गेला आणि माझी निवड झाली. बिनविरोध. वहीत तो ठराव मीच लिहिला.

फोटो आला त्या आठवड्यात मला राहवलं नाही. दहा किलो ज्वारी घेऊन गिरणीत गेलो. डबा ठेवला, पण या वेळी दळणाचं निमित्त केलं नाही. चहाच्या टपरीवरचा सगळा प्रकार गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून त्याला सांगितला. तो ज्वारीत हात घालून खडे बघत होता. मी म्हणालो, पाचही जणांना तूच हवा होतास. त्याला हे कळलं तर बरं वाटेल अशी माझी समजूत होती. खरं म्हणजे ते सांगून मलाच बरं वाटायला हवं होतं.

त्यानं गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत थांबला.

“सर, पाच जणांचं मी काय करू?” तो म्हणाला. “मी त्या दिवशी तुम्हा एकट्याला विचारलं होतं.”

मी म्हणालो, “माझं मत तुलाच होतं.”

“ठाऊक हाय की. म्हणून तर विचारलं.” डब्याच्या तळाशी सापडलेला एक खडा त्यानं उचलून दाराबाहेर टाकला. “माघार तर मी घेणारच होतो. तुमच्या तोंडून एक डाव ऐकायचं होतं, येवढंच.”

त्यानं जाडं दळू का बारीक एवढं विचारलं, मी बारीक म्हणालो, आणि त्यानं बटण दाबून माझी ज्वारी दळायला घेतली.