हिरव्या साबणाचं जेड

कळंबच्या शाळेत मी नुकताच ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो होतो. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. आमच्या हेडमास्तरांना प्रदर्शनांचा भारी सोस. त्या हिवाळ्यात विषय निघाला 'प्राचीन जगातील अलंकार', आणि माझ्या वाट्याला आले मेक्सिकोतले ओल्मेक लोक. तोवर त्यांचं नावही मी ऐकलं नव्हतं. हेडमास्तरांनी एका परदेशी मासिकातलं पान पुढं सरकवलं. जेड नावाच्या हिरव्या, कठीण दगडात कोरलेले दागिने होते. पूजाविधीला तिथली बडी माणसं ते अंगावर घालत म्हणे. मधोमध छातीवर बांधायचा एक मुखवटा होता. बदामी डोळे, फुगरे गाल, ओठांचे कोपरे खाली ओढलेले.

कळंबात जेड कुठून आणणार? बाजारात धुण्याचा हिरवा साबण मिळे, दुकानदार लांब कांडीतून तारेनं कापून देई. त्याचाच जाडसा तुकडा आणला. त्या लोकांनी लोखंडाशिवाय, वाळूनं घासून घासून दगड कोरला होता. माझ्याकडे कंपासचं टोक तरी होतं. रविवारभर अंगणात बसून कोरलं, ओल्या फडक्यानं घासलं, तर पठ्ठ्या असा चमकला की मीच माझ्यावर खूश. वाळायला म्हणून तो रिकाम्या कोनाड्यात ठेवला.

तो कोनाडा पूर्वी देवांचा. छप्पन साली वडील नागपूरहून बौद्ध धम्माची, देव न पूजण्याची दीक्षा घेऊन आले आणि घरातले सगळे देव पाटीत भरून नदीत टाकून आले. त्यात मायनं माहेराहून आणलेला देवीचा चांदीचा टाकही गेला. तिला कोणी विचारलं नाही. पुढं दीक्षा तिनंही घेतली, मनापासून घेतली. बुद्धवंदनेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसे. पण टाकाचा विषय निघाला की उठून चुलीपाशी जाई. मला वडिलांचा राग यायचा, पण बोलायची छाती नव्हती.

सोमवारी सकाळी मुखवट्यापुढं तगरीचं फूल होतं. वडील कापसाच्या जिनातली पाळी करून आले आणि तिथंच थबकले.

"हे कोनतं दैवत आनलं रे घरात?"

"बा, साबन हाये तो. शाळेसाठी कोरला."

"साबनाले फूल कोन वाह्यते?"

वस्तीत वंदना सांगणारा माणूस तो. त्याच्याच घरात देव आला हे बाहेर कळतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती. माय परातीत पीठ मळत होती.

"म्या वाह्यलं," ती म्हणाली. "रडाले आलेल्या लेकरावानी तोंड हाये त्याचं. मले राहावलं नाई." मग मान वर करून म्हणाली, "माह्यी देवी नेली, तवा तुमी मले काहून नाई इचारलं?"

फुलाला हात न लावता वडील पाय धुवायला गेले.

प्रदर्शन झकास झालं. एका पाहुण्यानं तर जेडचा वास घेतला आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. नंतर मायनं मुखवटा मागून घेतला आणि फडक्यात बांधून पेटीत ठेवला. वडिलांनी ते पाहिलं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती धुणं घेऊन नदीवर निघाली. बादली माझ्या हातात होती. डोहाशी तिनं वडिलांचं पांढरं धोतर दगडावर पसरलं, पेटीतून आणलेलं फडकं सोडलं आणि मुखवटा धोतरावर घासायला लागली. आधी नाक गेलं, मग डोळे. मला बघवेना.

"माय, राहू दे नं. मी दुसरा साबन आनून देतो."

"नाई," ती म्हणाली. "तवा देवी तुह्या बापानं टाकली. आता मी आपल्या हातानं टाकून राह्यली."

फेस पाण्यावरून निघून गेला. धोतर मात्र लख्ख निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील तेच नेसले, दारात थोडे घुटमळले आणि मायला विचारलं, "वंदनेले फुलं कोनती तोडू?"

"तगरीची," माय म्हणाली.