मावसाजींचं चौथं शील

बुद्धाचा धर्म अख्ख्या वऱ्हाडात कुणी बदनाम केला असेल, तर तो आमच्या मावसाजींनी. जानेफळला ते मराठी शाळेत मास्तर होते. त्या काळी आमच्या भागाचा सरकारी कारभार नागपूरहून चाले, आणि नागपूरहूनच कुणीतरी पाठवलेलं एक फाटकं पुस्तक वाचून या गृहस्थानं बौद्ध व्हायचं ठरवलं. दीक्षा द्यायला आसपास भिक्खू कुठला? तेव्हा गुरूही हेच आणि शिष्यही हेच. एका सकाळी विहिरीवर आंघोळ करून, ओल्या पंच्यानं उभं राहून त्यांनी हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं आणि दारू वर्ज्य केली, आणि घरात येऊन मावशीला चहा टाकायला सांगितला. जन्मात सुपारीचं खांडही न चघळलेल्या माणसानं दारू सोडली म्हणून गावानं कौतुक केलं. शेजारच्या पाटलीणबाईंनी या देवाचा उपास कोणत्या वारी धरायचा ते विचारलं. यात देवच नाही म्हटल्यावर त्या मावशीचं सांत्वन करून गेल्या.

मग रोज सकाळी ही पाच शीलं मोठ्यानं म्हणणं सुरू झालं. पहिल्या शीलाचा त्रास ढेकणांना सोडून सगळ्यांना झाला. मावसाजी खाट अंगणात आपटत, पडलेले ढेकूण सुपात गोळा करत आणि गावाबाहेरच्या पडक्या भिंतीशी सोडून येत. त्या भिंतीला टेकून बसणारे म्हातारे महिन्याभरात दुसरीकडे बसू लागले. पण खरा कहर चौथ्या शीलाचा, खोटं न बोलण्याचा. व्याह्यांच्या पंगतीत मावशीच्या कढीला मीठ जास्त झाल्याचं यांनीच आधी जाहीर केलं. मेहकरच्या बाजारात घरचा बैल विकायला मीही बरोबर होतो. बैलाचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो, ही साऱ्या मुलखाची रीत. मावसाजींनी रुमालच उचलून बाजूला केला, झाकून बोलणं म्हणजे खोटंच म्हणाले, आणि वर आपला बैल चिखलात बसकण मारतो हेही गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. बैल आमच्याबरोबर घरी परत आला. वाटभर मी त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बडबडत होतो. दुसऱ्याच्या जिवावर स्वतःचं शील चकचकीत ठेवणारा हा माणूस मला मनापासून आवडत नसे.

त्या वर्षी आखाडात मावशी अंथरुणाला खिळली. मेहकरहून आणलेल्या डॉक्टरांनी अंगणात आम्हाला सांगितलं की आता फार दिवस नाहीत. ते मावसाजींनीही ऐकलं. हा माणूस आत जाऊन सगळं घडाघडा सांगणार, यात मला शंका नव्हती. मी दारातच आडवा उभा राहिलो आणि आज तरी तोंड बंद ठेवा म्हणून त्यांना बजावलं. ते मला बाजूला सारून आत गेले.

मावशीनं डोळे उघडले. "अवो, तुमीच सांगा. मी बरी होईन नं?"

मावसाजी तिच्या उशाशी बसले. "हाव," ते म्हणाले. "पोळ्यापर्यंत उठून बसशीन."

आम्ही पंधरा दिवस तिला हेच सांगत होतो आणि ती एकाचंही ऐकत नव्हती. त्यांचं मात्र तिनं लगेच मानलं. कूस वळवली आणि कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. पुढचे आठ दिवस ती पोळ्याला पुरण किती घालायचं, बैलाला झूल कोणती काढायची, हेच बोलत होती. पोळ्याआधी चार दिवस ती गेली.

तिचे दिवस करून झाल्यावर एका सकाळी मावसाजी विहिरीवर शीलं म्हणत होते. मी मोजली, चारच भरली. खोट्याचं शील त्यांनी गाळलं होतं. माझ्या तोंडून विचारलं गेलंच.

"थे आता मले म्हनता येत नाई," ते म्हणाले. "मोडलं थे."

त्याचं वाईट वाटतं का, असं मी विचारलं. त्यांनी पंचा पिळला, दोरीवर टाकला आणि नीट केला.

"नाई," ते म्हणाले. "तिले त्या दिवशी झोप लागली होती."