बदलीचा पंखा

सहा मार्च. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सकाळीच सहाशे चाळीस रुपये रोख मोजून दिले, तेही सगळे आगाऊ, आणि छताचा पंखा मिस्त्रीच्या दुकानात ठेवला. मिस्त्रीने त्यांना सांगितले, "परवा घेऊन जा."

मिस्त्री म्हणजे पंखे दुरुस्त करणारा. गल्लीच्या तोंडाशी त्याचे एका गाळ्याचे दुकान होते. जळलेले वाइंडिंग काढायचे, तांब्याची नवी तार भरायची, वार्निश लावून सुकवायचे, बेअरिंग बदलायचे आणि पंखा अर्धा दिवस चालवून बघूनच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, असा त्याचा धंदा. चालवून बघण्यासाठी दुकानाच्या छताला आडवा लोखंडी पाइप होता आणि त्याला चार हुक. कामात माणूस चोख होता. खोट एकच, त्याला "नाही" म्हणता येत नसे. कोणीही विचारले, "कधी मिळेल?" की हा म्हणायचा, "उद्या." हिवाळ्यात हे खपून जाई, कारण तेव्हा पंख्याची आठवण कोणालाच नसते. उन्हाळा लागला की मात्र त्याचे सगळे "उद्या" एकाच दिवशी दुकानासमोर येऊन उभे राहत.

त्या वर्षी उन्हाळा जरा लवकरच आला. फेब्रुवारी संपता संपता दुपारी रस्त्यावरचे डांबर चपलेला धरू लागले. दुकाने बारा वाजता शटर अर्धे ओढून घेऊ लागली. सावलीच्या बाजूच्या फुटपाथवर माणसांची रांग आणि समोरचा फुटपाथ ओस, असे चित्र दिसू लागले. लोकांनी पंखे लावले आणि हिवाळाभर झोपलेल्या निम्म्या पंख्यांनी उठायला नकार दिला.

मिस्त्रीची एक पद्धत होती. पंखा दुरुस्तीला ठेवला की तोवर वापरायला तो दुसरा जुना पंखा देई. त्याला बदलीचा पंखा म्हणत. असे पाच पंखे होते, ते पहिल्याच आठवड्यात गेले. सहा मार्चलाच, शिवणवाल्या बाई गेल्यावर, इस्त्रीवाला आला. खांद्यावर पंखा, शर्ट ओला चिंब.

"मिस्त्री, बदलीचा द्या. कोळशाच्या इस्त्रीपुढे उभा असतो हो मी. कपड्याआधी मीच कडक होतोय."

बदलीचा एकही उरला नव्हता. तेवढे सांगितले असते तर विषय मिटला असता. मिस्त्री म्हणाला, "थांबा जरा," आणि घरी जाऊन बाहेरच्या खोलीतला पंखा उतरवून घेऊन आला.

घरात पंखा तेवढा एकच होता. आतल्या खोलीचा मागच्या हंगामात असाच बदलीला गेला होता आणि ज्याच्याकडे गेला तो भाडेकरू पंख्यासकट गाव सोडून गेला होता.

बायकोने छताच्या रिकाम्या हुकाकडे पाहिले. "जगाला वारा घालता आणि घरात आम्ही पुठ्ठा हलवायचा! परवा वन्सं येतायत, लक्षात आहे ना?"

"दोन दिवसांत परत येतो पंखा."

"हे तुम्ही मला सांगताय? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"नवा घेऊ मग एक."

"कशातून? सगळे पैसे तारेत घातलेत. आणि पंखेवाला दुकानातून पंखा विकत नेताना दिसला तर उद्यापासून कोण येईल तुमच्याकडे?"



वन्सं, म्हणजे मिस्त्रीची थोरली बहीण, डोंगरावरच्या थंड गावात राहायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच ह्याला वाढवले आणि वायरमनच्या कोर्सची फीसुद्धा तिनेच भरली. तिने लग्न केले नाही. दवाखान्याच्या खिडकीवर बसून केसपेपर देण्यात तिची सगळी नोकरी गेली. आता ती निवृत्त झाली होती आणि घरमालकाला तिची खोली महिनाअखेर रिकामी हवी होती. मिस्त्रीने फोनवर आग्रह केला होता, "ताई, आता इकडेच ये. कायमची."

ताईने विचार करून सांगितले, "आधी येऊन बघते. वीस तारखेचं परतीचं तिकीट काढूनच येते. जमलं तर तिकीट रद्द करीन. नाही जमलं तर इथेच दुसरी खोली बघीन, मग मला पुन्हा आग्रह करायचा नाही."

ताईचा शब्द म्हणजे शब्द. पुन्हा विचारायची सोय नव्हती. त्यामुळे ह्या मुक्कामात तिला शहर सोसले पाहिजे, एवढी एकच गोष्ट मिस्त्रीच्या डोक्यात होती.

ताई आठ तारखेला आली. अंगात स्वेटर, हातात शाल. बसमधून उतरल्यावर चार पावलांत स्वेटर काढला आणि म्हणाली, "छोट्या, हे कोणाच्या घरचं इंजिन चालू आहे रे?"

"हवाच अशी आहे ताई. होईल सवय."

रस्त्याने ती उन्हाच्या बाजूने चालू लागली. थंड गावात माणसे ऊन शोधत चालतात, तिचे पाय सवयीने तिकडेच वळले. मिस्त्रीने दोनदा तिला हाताला धरून सावलीत आणले, तरी बोलता बोलता ती पुन्हा उन्हात.

घरात पंखा मात्र फिरत होता. पांढरा आणि अगदी झकास. बायकोने नवऱ्याकडे पाहिले. नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिले.

तो पंखा एका गिऱ्हाइकाचा होता, दुरुस्त झालेला. मिस्त्रीने मनाशी हिशेब केला होता, पंखा अर्धा दिवस चालवून बघायचाच असतो. दुकानात चालला काय आणि घरात चालला काय, पंख्याला काय कळते? पण दुसऱ्या सकाळी गिऱ्हाईक आले, पांढरा पंखा उतरला आणि संध्याकाळी तपकिरी चढला.

ताई चहा पिताना वर बघत म्हणाली, "काल पांढरा होता ना रे?"

"तो जरा आवाज करत होता."

"मला नाही आला आवाज."

"बारीक होता. आमच्या कानाला कळतो."

बायकोला ठसका लागला. ती कप घेऊन आत गेली.

तिसरा पंखा आला तो शिवणवाल्या बाईंचा. हा टिकला, कारण बाईंना मिस्त्रीने सांगितले, "वार्निश सुकतंय अजून." पंखा मोठ्या पात्यांचा होता, वारा भरपूर. त्याच्याखाली ताईला पहिल्यांदा शांत झोप लागली. सकाळी ती म्हणाली, "आज बरं वाटलं. असंच असेल तर राहता येईल." मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. बाईंना त्याने आणखी एक दिवस वार्निशवर ढकलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचे शटर खाली होते, म्हणून शिवणवाल्या बाई जिना चढून थेट घरी आल्या. मिस्त्री जेवायला बसला होता. ताई पलंगावर आडवी होती. बाई दारात थांबल्या, काही बोलणार तोच त्यांची नजर वर गेली.

त्यांनी दाराशेजारचे बटण बंद केले. पंखा हळू झाला, थांबला. एका पात्यावर कागदाची चंदेरी चांदणी चिकटवलेली होती.

"माझ्या मुलीने लावलीय ती, पहिलीत असताना," बाई म्हणाल्या. "हेच का तुमचं वार्निश?"

मिस्त्रीचा घास हातातच राहिला. "टेस्टिंगला लावलाय, बाई. अर्धा दिवस..."

"काल सकाळी गाळ्यात डोकावले मी. हुकाला नव्हता पंखा. घामाचे डाग पडतात म्हणून गिऱ्हाइकाचं पांढरं कापड चार दिवस घडी करून ठेवलंय मी. पैसे मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी सगळे घेतलेत."

ताई उठून बसली. खिडकीवर पस्तीस वर्षे बसलेली बाई, खरे काय आणि थाप काय हे तिला ऐकूनच कळे.

"छोट्या, पंखा तयार कधी झाला?"

मिस्त्री ताटातला भात कालवू लागला.

"मी विचारतेय."

"दोन दिवस झाले."

"आणि तो पांढरा? तपकिरी?"

"तेही गिऱ्हाइकांचेच," बायको आतून म्हणाली. "आपला इस्त्रीवाल्याकडे आहे."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं, वन्सं. तुम्ही राहावं असं मलाही वाटत होतं, म्हणून गप्प बसले."

ताईने पदर खोचला. "काढ तो. आत्ता. ह्यांच्या घरी जाऊन लावून दे."

"ताई, बाहेर ऊन काय आहे बघ. संध्याकाळी..."

"उद्याच का नाही मग?"

मिस्त्री स्टुलावर चढला.

भर दुपारी ते तिघे निघाले. मिस्त्रीच्या खांद्यावर मोटर आणि दांडी, ताईच्या हातात चादरीत गुंडाळलेली पाती, पुढे शिवणवाल्या बाई. रागाच्या भरात ताई तरातरा उन्हाच्याच बाजूने निघाली. हाका मारल्या तरी तिने ऐकले नाही. कोपऱ्यावर तिचा तोल गेला आणि ती समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दुकान इस्त्रीवाल्याचे होते.

त्याने धावत पाण्याचा तांब्या आणला. ताई पाणी प्यायली, थोडे तिने तोंडावर मारले आणि वर पाहिले. टेबलाच्या वर एक जुना, निळसर पंखा गरगरत होता. टेबलावर इस्त्री, इस्त्रीत लाल कोळसे आणि त्यापुढे भिजलेल्या बनियनमधला माणूस.

"हाच ना आपला?"

"हाच," मिस्त्री म्हणाला.

इस्त्रीवाला समजला. "घेऊन जा मिस्त्री, तुमच्या घरी पाहुण्या आल्यात," असे तो म्हणाला खरा, पण म्हणताना त्याने इस्त्री अशी खाली ठेवली, जसा कोणी साहेबापुढे राजीनामा ठेवतो.

ताईने मान हलवली. "असू दे इथेच. छोट्या, ह्यांचा पंखा कधी होणार?"

"उद्या."

"खरं सांग."

मिस्त्रीने मनातल्या मनात बोटे मोजली. "तार यायचीय. वाइंडिंग पूर्ण जळलंय. पुढच्या गुरुवारी."

"मग गुरुवार म्हण की! चालेल ना हो गुरुवार?"

"चालेल की," इस्त्रीवाला म्हणाला. "रोज दोन चकरा मारायचो मी, त्या तरी वाचतील."

शिवणवाल्या बाईंच्या खोलीत पंखा लागला. बाईंनी बटण दाबले, वाऱ्याने टेबलावरचे कागदी नमुने उडाले आणि ते गोळा करताना त्यांचा राग बराचसा उतरला. ताई म्हणाली, "दोन रात्री मी झोपले ह्याच्याखाली. भाडं समजून चाळीस रुपये परत घ्या."

"अहो, राहू द्या. तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"मला नव्हतं, ह्याला होतं. घ्यायचेच."

मिस्त्रीने खिसे चाचपले. सुटे नव्हते. "उद्या..." म्हणाला आणि स्वतःच थांबला. "आणून देतो," म्हणाला.

परतताना जिन्यापाशी मिस्त्री म्हणाला, "ताई, तू वीस तारखेला जाणार, मला कळलं. ह्या घरात तुला उकाडा सोसायचा नाही."

"उकाडा सोसेन रे. खाली ओली चादर टाकून झोपेन, तुझी बायको झोपते तशी. रोज पंखा बदलणारं घर मात्र नाही सोसणार. आणि दिवसभर पलंगावर पडून छताकडे बघणं तर नाहीच नाही. तुमच्या घरात मी काय करू, हे तू एकदा तरी विचारलंस का? नुसता वारा घालतोयस."

दुसऱ्या दिवशी ती जेवून उठली आणि मिस्त्रीच्या मागोमाग दुकानात गेली. वर चार हुकांना चार पंखे फिरत होते, टेस्टिंगचे, खरेखुरे. तिने स्टूल त्यांच्याखाली ओढला आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. पहिले गिऱ्हाईक आले. "कधी मिळेल?" मिस्त्रीने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "सोमवारी संध्याकाळी. त्याआधी आलात तर नुसतं पाणी मिळेल."

गिऱ्हाईक कुरकुरले. "मिस्त्री तर उद्या म्हणतात नेहमी."

"आणि मिळतो?"

गिऱ्हाईक हसले आणि सोमवार कबूल करून गेले. दोघे मात्र रागावून दुसऱ्या दुकानात गेले. मिस्त्री हळहळला. ताई म्हणाली, "एवढी कामं आहेत, ह्या दोघांचे पंखे तू कधी करणार होतास?" तिने खडूने प्रत्येक पंख्याच्या पात्यावर वार लिहायला सुरुवात केली. दुकानासमोरची गर्दी आठवड्यात निम्मी झाली आणि काम तेवढेच राहिले. किंबहुना थोडे वाढलेच, कारण मिस्त्रीला आता दिवसभर माफी मागत बसावे लागत नव्हते.

गुरुवारी इस्त्रीवाल्याचा पंखा झाला आणि घरचा निळसर पंखा घरी आला. त्याचा वारा बेताचाच. बायको म्हणाली, "वन्सं, तुमच्या नशिबी हाच आहे." ताई म्हणाली, "आपला आहे ना? मग झालं."

एकोणीस तारखेला तिने तिकीट रद्द केले. त्यात थोडे पैसे कापले गेले, त्याबद्दल तिने खिडकीवरच्या माणसाशी बराच वाद घातला आणि त्याची काम करण्याची पद्धत चांगली आहे, असेही घरी येऊन सांगितले. खोलीतले सामान पाठवायला तिने शेजारणीला फोन केला. स्वेटर तिकडेच वाटून टाक, म्हणाली.

वीस तारखेला दुपारी मिस्त्रीने दुकानातून पाहिले, ताई डबा घेऊन येत होती. चौकात ती थांबली, दोन्ही फुटपाथ तिने बघितले आणि रस्ता ओलांडून सावलीच्या बाजूला आली. कोणी हाक मारली नव्हती.

शिवणवाल्या बाईंचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.