अण्णांची तारीख आणि यंत्राची साक्ष

मंगळवारी सकाळी अण्णा लातूरला वारले. मी नांदेडला होते. भावाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर निघाले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. त्यांच्यामागे दोन गोष्टी अर्धवट राहिल्या. रेणापूरजवळच्या आमच्या शेताकडे जाणारी गाडीवाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती. हा शेजारी नात्याने आमचा काकाच. त्या वाटेचा दावा अण्णा कित्येक वर्षं लातूरच्या कोर्टात चालवत होते. दुसरी गोष्ट म्हणजे अंतराळातल्या एका वसाहतीची मालिका. तिचा नवा भाग ते लातूरला पाहायचे, मी नांदेडला, आणि मग फोनवर आमचे वाद. एका पाक्षिकासाठी मी त्या मालिकेवर लिहिते, ते बरंचसं या वादांतूनच आलेलं असायचं.

वादी वारला की मुदतीत वारसांची नावं लावावी लागतात, नाहीतर दावा तिथेच संपतो, असं वकिलांनी सांगितलं. भावाने पुण्याहून सही करून कागद पाठवले. "तू बघ बाई, मला रजा नाही," म्हणाला. तारखेला उभं राहणं माझ्याकडे आलं. मी वर्गात बोलते, पण चार अनोळखी माणसांत माझा आवाज निघत नाही.

"समोरच्यांनी हरकत घेतली तर तुम्हाला साक्ष द्यावी लागंल," वकील फोनवर म्हणाले.

"काय विचारतील?"

"काहीबी विचारतील. वाट कुठून जाती, कधीपासून हाय. पण ताई, तुम्ही आतापासूनच लई टेन्शन घेऊन राहिलात."

त्याच आठवड्यात मालिकेचा नवा भाग आला, आणि तो नेमका कोर्टाचा निघाला. वसाहतीतला एक वैमानिक खटला चालू असताना मरतो. त्याच्या आठवणी साठवलेलं एक यंत्र कोर्टात येतं आणि म्हणतं, खटला मी पुढे चालवतो. न्यायाधीश त्याला मेलेल्या माणसाबद्दल विचारत जातात. तो कशाला घाबरायचा? कोणत्या कुशीवर झोपायचा? यंत्राला सगळं येतं.

तो भाग मी एका दुपारी तुकड्यातुकड्यांनी पाहिला. दर प्रश्नाला मोबाइल थांबवायचा आणि अण्णांसाठी उत्तर शोधायचं. काही सापडली. अण्णा कोणत्या कुशीवर झोपायचे ते मात्र आठवेना. एवढं माहीत नसताना मी कुणाच्या जागी उभी राहणार होते?

मग मी तयारीला लागले. वाट लिंबापासून डावीकडे वळते. विहिरीपाशी चढ लागला की अण्णा गाडीतून उतरून चालत, बैलांना ओझं नको म्हणून. उतरताना चपला गाडीतच ठेवत. जेवताना, शिकवताना, हेच डोक्यात चाललेलं. परीक्षण मी तारखेआधीच लिहून ठेवलं. प्रश्नोत्तरांचा प्रसंग फार खरा आहे, असं त्यात म्हटलं होतं. पाठवायचं तेवढं राहिलं.

तारखेला सकाळच्या एसटीने लातूर गाठलं. कोर्टाच्या व्हरांड्यात काका उभे होते.

"या. बाप गेला, आता पोरगी आली का वाट मागायला? नांदेडहून गाडी जुंपून आणलीस का गं?"

दोघंतिघं हसले. पिशवीतली बाटली काढून मी पाणी प्याले.

शिपायाने अण्णांचं नाव पुकारलं. ते ऐकून मी जागेवरच थांबले. "पुढं चला ताई," वकील हळू आवाजात म्हणाले. न्यायाधीशांनी अर्ज पाहिला.

"या कोण?"

"मयताची मुलगी, साहेब," वकिलांनीच सांगितलं.

न्यायाधीशांनी समोरच्या वकिलांकडे पाहिलं. "हरकत?"

"नाही, साहेब."

न्यायाधीशांनी अर्जावर सही केली. पुढचं नाव पुकारलं गेलं तरी मी तिथेच उभी.

"चला ताई, झालं."

"मला काही विचारणार नाहीत?"

"काहून विचारतील? मुलगी हाय म्हणल्यावर झालं की." वकील खुशीत होते. दावा वाचला होता.

परतीच्या एसटीत, लोह्याच्या अलीकडे कुठेतरी, मी मोबाइलवर परीक्षण उघडलं आणि शेवट बदलला. भाग चांगला आहे, पण त्यातलं कोर्ट खोटं आहे, असं लिहिलं. गेलेला माणूस कसा होता याच्याशी खऱ्या कोर्टाला काम नसतं. त्याच्या जागी कोण आलं, एवढंच त्याला पुरतं. खाली आणखी एक वाक्य लिहिलं: 'आपल्या गेलेल्या माणसाबद्दल कुणीतरी विचारावं, असं हा भाग लिहिणाऱ्याला वाटत असावं.'

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. "शेवटचं वाक्य काढू का, मॅडम? त्याचा मालिकेशी संबंध लागत नाही."

"काढा," मी म्हटलं.

दाव्याच्या कागदावर आता अण्णांच्या नावाआधी 'मयत' असं लिहिलेलं आहे, आणि खाली भावाचं आणि माझं नाव आहे. वाट अजून नांगरलेलीच आहे. पुढच्या तारखेला मला लातूरला जायचं आहे.